ऑफसाइडची शिट्टी

शिट्टी वाजली, आणि ती आपणच वाजवली हे क्रांतीला तिच्या आवाजावरून कळलं. हात वर गेलेला होता, गाल अजून फुगलेले होते. मैदानावरच्या बावीस मुली जिथल्या तिथं थबकल्या. वैदेहीनं मारलेला चेंडू मात्र कुणाचं न ऐकता पुढं गेला, गोलच्या मागच्या फळीवर ठक्‌कन आदळला आणि आतच पडून राहिला. एका श्वासापूर्वी हा गोल होता, आता नव्हता. वाशीच्या शाळेच्या मुलींच्या स्टिका आनंदानं अर्ध्या वर गेल्या होत्या त्या तशाच राहिल्या, कोपरखैरण्याच्या मुलींनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि जुईनगरच्या त्या मुरमाच्या मैदानावर, जानेवारीतल्या साडेदहाच्या उन्हात, ऑलिंपिक खेळलेली बाई एक हात वर करून उभी राहिली. "ऑफसाइड!" बाजूला खुर्चीवर बसलेले वाशीच्या शाळेचे पीटीचे शिवासर स्वतःच ओरडले. "ओके ओके, ऑफसाइड आहे. वैदेही, मागे ये, टाइमपास नको!" कुणाची काही तक्रार नव्हती. मॅडमनी शिट्टी मारली म्हणजे असणारच. फक्त हॉकीत ऑफसाइड नावाची गोष्ट आता उरलीच नव्हती.

तसं तिला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी जोतीराम, तिचा नवरा, पेपर वाचता वाचता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता आणि कुणाच्या मयताची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला होता, "क्रांती, तुझा ऑफसाइड गेला." तिचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात. "कोण गेलं?" "ऑफसाइड. काढून टाकला. गेम फास्ट होणार म्हणे, गोल जास्त होणार." क्रिकेटच्या पानभर मजकुराखाली, टायरच्या जाहिरातीला खेटून चार ओळी होत्या. तिनं त्या उभ्या उभ्याच वाचल्या, "बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. पंधरा वर्षांच्या संसारात तिच्या हातची भाकरी परातीतच फाटलेली जोतीरामनं पहिल्यांदा बघितली. त्यानं पेपरची घडी घातली. कंपनीतला ऑपरेटर माणूस, दिवसभर घड्याळाच्या काट्यांसारखे मीटरचे काटे बघण्यात जन्म गेलेला. काटा कुठं थरथरतो हे त्याला बरोबर कळायचं. बाकी कशावरूनही तो बायकोची फिरकी घेई, पण तिचे वडील आणि ऑफसाइड या दोन गोष्टींच्या वाटेला जात नसे. लग्न झाल्या झाल्या त्यानं भाबडेपणानं विचारलं होतं, "तू फुलबॅक म्हणजे नेमकी करायचीस काय?" तेव्हा तिनं ओट्यावर एक कांदा, एक लसणीची पाकळी आणि एक हिरवी मिरची मांडली होती. कांदा म्हणजे आपली गोलकीपर. लसूण म्हणजे मी. मिरची म्हणजे समोरच्या टीमची फॉरवर्ड, गोल मारायला आलेली. तिच्याकडे चेंडू मारला जातो त्या क्षणी तिच्यापुढं आपल्या निदान दोघी हव्यात. आता बघ हां, असं म्हणून तिनं लसणीची पाकळी मिरचीच्या पुढून उचलून मागं, मैदानाच्या मध्याच्या बाजूला सरकवली. मिरचीसमोर उरला एकटा कांदा. ऑफसाइड. शिट्टी. चेंडू आपला. जोतीरामनं ओट्यावर वाकून बघितलं. "म्हणजे तू काहीच केलं नाहीस? नुसती एक पाऊल सरकलीस?" "वेळेवर सरकले," ती म्हणाली होती. पाऊल लवकर टाकलं तर मिरचीला कळतं, ती पण मागं येते. उशिरा टाकलं तर गोल. मधली जी फट असते, डोळ्याची पापणी लवेल एवढी, त्या फटीत क्रांती सिताराम ओव्हाळ नावाची मुलगी देशासाठी खेळली होती. तिच्याहून जोरात धावणाऱ्या होत्या, तिच्याहून जोरात मारणाऱ्या तर ढीगभर होत्या. ते पाऊल मात्र तिच्यासारखं कुणाकडेच नव्हतं.

आणि ते पाऊल तिला कुणी शिकवलंही नव्हतं. दौंडला वडील रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. आई, दुर्गाबाई, डबा बांधून द्यायची आणि शाळा सुटल्यावर क्रांती तो यार्डात पोचवायची. सिताराम ओव्हाळ जेवताना बोलत नसत, पण लांबची घंटा झाली की घास तसाच ठेवून उठत आणि सांधा ओढायला जात. कधी एक घास आधी नाही, कधी एक घास नंतर नाही. "तुमास्नी कसं कळतं, आबा?" तिनं एकदा विचारलं. "कळतं न्हाई," ते म्हणाले, "मी जागेवर असतो." एवढंच. पुढं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर एका इंजिन ड्रायव्हरची गोरी बायको, जिला सगळी पोरं आँटी म्हणत, मुलींना हॉकी शिकवायला लागली आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या या काळ्या-सावळ्या पोरीला तिनं बोट करून आत बोलावलं. वस्तीतल्या पोरीनं इन्स्टिट्यूटच्या हिरवळीवर चपला काढून यायचं की घालून, असा प्रश्न पडलेली क्रांती कुंपणाच्या फाटकात थांबली होती. आँटीनं तिच्या हातात जवसाच्या तेलाचा वास येणारी एक जुनी, जड स्टिक दिली आणि "कमॉन, स्टँड देअर," म्हणून गोलच्या पुढं उभं केलं. तो वास अजूनही कुठून आला की तिची पाठ ताठ होते. लोकांना वाटतं ऑलिंपिक म्हणजे ती संचलनं, ते झेंडे. तिच्या मनात ऑलिंपिकची सुरुवात त्या फाटकातून होते, जिथं तिनं चपला घालूनच आत पाऊल टाकलं होतं.

ऑलिंपिकच्या त्या परक्या शहरातलं मैदान हिरवळीचं नव्हतं. सतरंजीसारखं घट्ट विणलेलं, प्लास्टिकचं, पाणी मारलं की चकाकणारं. चेंडू त्यावर उसळत नसे, धावायचा. पहिले दोन दिवस सगळ्या जणी घसरून गुडघे सोलून घेत होत्या, रात्री एकमेकींना आयोडिन लावत होत्या आणि जेवणातल्या त्या आंबट काळ्या पावाला नावं ठेवत हसत होत्या. क्रांती मात्र खूश होती. चेंडूला वेग आला म्हणजे फट आणखी बारीक झाली, आणि बारीक फटीत तिचंच राज्य होतं. चार वेळा तिनं पाऊल टाकलं, चारही वेळा शिट्टी झाली. पाचव्या वेळी झाली नाही. बरोबरीत चाललेला सामना, उत्तरार्ध, चेंडू मारणारीचा डावा खांदा खाली आला आणि क्रांती सरकली. अगदी जागेवर. तिनं हात वर केला आणि पंच बाईंकडे बघितलं. करड्या डोळ्यांची, उंच बाई. शिट्टी तिच्या दातांत होती, छातीत श्वास भरलेला होता आणि तो श्वास तसाच राहिला. गोल झाला. बरं, पंचाची चूक होते, माणूस आहे. पण गोल झाल्यावर त्या बाईनं क्रांतीकडे बघितलं, आणि त्या एका नजरेत क्रांतीला दिसलं की तिला कळलंय. तिला पक्कं कळलंय. मग त्या बाईनं मान खाली घालून मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि ती मध्याकडे चालायला लागली. त्या एका गोलामुळं पदक गेलं असं क्रांती कधी म्हणाली नाही. आणखीही सामने होते, आणखीही चुका होत्या, त्यांत तिच्याही होत्या. आपण चौथ्या आलो, आणि सगळ्या जगात चौथं येणं काय असतं हे ज्यांना कळत नाही त्यांच्याशी ती वाद घालत बसत नाही. गोल विसरता आला असता. ते घड्याळ बघणं मात्र सोळा वर्षं तिच्या डोळ्यांपुढून हललेलं नव्हतं. दौंडच्या फलाटावर तिला उतरवून घ्यायला अर्धं यार्ड आलं होतं. कुणीतरी विचारलं, मेडल कुठाय? ती उत्तर शोधत होती तोवर आबा पुढं झाले. रेल्वे कंट्रोलच्या फोनवरून त्यांनी त्या सामन्याची हकिकत तुकड्या-तुकड्यानं मिळवली होती. "शिट्टी वाजली न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पन माजी पोरगी जागेवर व्हती." आणि सांध्याचं काळं ग्रीस लागलेल्या हातानं त्यांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तेव्हा अंगात होता तो टीमचा ब्लेझर तिनं पुन्हा धुवायला दिला नाही. कॉलरला तो डाग आहे अजून.

म्हणूनच चार ओळींच्या बातमीनंतर असोसिएशननं पंचांसाठी नव्या नियमांचं शिबिर ठेवलं तेव्हा ती गेली नाही. सर्क्युलर तिनं वाचलं, पाठ केलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पण ऑफसाइड नाही हे शिकायला वर्गात जाऊन बसायचं? आज सकाळी दुसरा पंच सुभाष, बँकेतला तिशीचा मुलगा, फक्कीनं आखलेल्या रेघा तपासता तपासता हळूच म्हणाला होता, "मॅडम, ऑफसाइड नाही हां आता. मुलींना एकदा सांगूया का दोन्ही टीमच्या?" "मला माहितीये," ती फटकन म्हणाली. "त्यांच्या सरांना सर्क्युलर गेलंय. बाळबोध शिकवत बसायचं नाही फायनलला." सुभाष पुढची रेघ तपासायला गेला. मागं कापडी फलकावर लिहिलेलं होतं : प्रमुख पंच, ऑलिंपिकपटू क्रांती सोनकांबळे. आता तिला ते आपलं बोलणं जसंच्या तसं ऐकू येत होतं, आणि त्यातला तोरा तिच्या कानाला झोंबत होता.

कारण चूक नुसती शिट्टीची नव्हती. शिट्टी वाजली ती नंदिनीमुळं. नंदिनी मढवी, कोपरखैरण्याच्या शाळेची फुलबॅक, बोनकोड्याच्या आगरी घरातली, रुंद खांद्यांची, फार न बोलणारी पोरगी. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात याच मैदानावर क्रांतीनं मुलींचं शिबिर घेतलं होतं, आणि सगळ्या पोरी गोल कसा मारायचा ते विचारत असताना ही एकटी विचारत होती, "पुढं यायचा टायम झाला हे कसं समजनार, मॅडम?" क्रांतीनं तिच्यासाठी तीन दगड मांडले होते. चेंडू मारणारीचा डावा खांदा बघ. तो खाली आला की पाऊल. पोरीनं ते महिनाभर घोटलं, पण ते जमलं की नाही हे क्रांतीनं पाहिलेलं नव्हतं. मघाशी पाहिलं. मध्यातून चेंडू निघाला, मारणारीचा खांदा खाली आला, आणि पाठीमागं वैदेही असतानाही मान न वळवता नंदिनी एक पाऊल पुढं सरकली. ना लवकर, ना उशिरा. सोळा वर्षांत क्रांतीनं ते पाऊल कुणाच्या पायात बघितलं नव्हतं. बाहेरून तर आयुष्यात कधीच बघितलं नव्हतं, ते फक्त स्वतःच्या आतून माहीत होतं. किती सुंदर दिसतं ते, एवढं एकच तिच्या मनात आलं. आणि सर्क्युलर, पर्स, चार ओळी हे सगळं आठवायच्या आत तिच्या छातीतला श्वास आपणहून शिट्टीत गेला होता. नंदिनीला नियम बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. जिनं सांगायचं, ती तोऱ्यात होती.

हे सगळं मनातून जायला किती वेळ लागला असेल? हात अजून वरच होता. वैदेही जवळ आली, धापा टाकत, स्टिक खाली टेकवून. "सॉरी मॅडम," ती म्हणाली, "मी ऑफसाइड होते का? मला वाटलं मी लाइनमध्ये आहे." सॉरी! जिचा गोल गेला ती माफी मागत होती. पलीकडे सुभाष मध्यरेषेपर्यंत धावत आला होता. त्यानं क्रांतीकडे एकदा बघितलं, सगळं समजून बघितलं, आणि मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. म्हणजे मैदानावर ज्या एका माणसाला माहीत होतं, त्यानं तिची अब्रू झाकायचं ठरवलं होतं. आता फक्त हात खाली करून कोपरखैरण्याच्या बाजूनं फ्री हिट दाखवायची. पाच-सात मिनिटं उरली होती. फलक आहे, फोटो निघणार आहेत, उद्या सोसायटीच्या बोर्डावर बातमीचं कात्रण लागेल. कुणाला कळणार नाही, कधीच. तिची नजर आपोआप खाली गेली, मनगटाकडे. डाव्या मनगटावर घड्याळ होतं. दहा पस्तीस.

आपण काय करतो आहोत हे तिला त्या काट्यांत लख्ख दिसलं. ती करड्या डोळ्यांची बाई इतकी वर्षं तिच्यासमोर उभी होती, आणि आता ती समोर नव्हती. तिच्याच बुटांत उभी होती. त्या बाईचा इतका राग केला, आणि तिचंच घड्याळ आपण हातात बांधून आलो की काय? क्रांतीनं हात खाली घेतला तो झटकल्यासारखा. मग ती चालायला लागली, वैदेहीच्या बाजूनं, नंदिनीच्या बाजूनं, अगदी गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत. दोन्ही हात तिनं डोक्यावर आडवे हलवले. "ऑफसाइड नाही," ती म्हणाली. बाजूच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं नसेल असं वाटून तिनं पुन्हा, आबांच्या त्या फलाटावरच्या आवाजात म्हटलं, "ऑफसाइड नाही! ऑफसाइडचा नियम आता खेळात नाहीच. मला माहीत होतं. तरी मी शिट्टी मारली. चूक माझी आहे."

लांब हमरस्त्यावरून जाणाऱ्या टँकरचा आवाज ऐकू आला. शिवासर खुर्चीवरून उठून धावत आले. "मॅडम, असं कसं? मग आमचा गोल द्या ना!" "नाही देता येत, सर. शिट्टीनंतर चेंडू आत गेलाय. तुमचं नुकसान झालंय आणि ते माझ्यामुळं झालंय. लेखी तक्रार करा, खाली मी सही करते." शिवासर गोंधळले. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून भांडणच मिळालं नाही की त्याचे हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नाही, तसं त्यांचं झालं. "जाऊ द्या, तक्रार कसली तुमच्याविरुद्ध," ते पुटपुटले. "नाही, कराच," ती म्हणाली. सुभाष नाडी सोडून उभा राहिला होता आणि वेड्यासारखा हसत होता. क्रांतीला वाटलं होतं, शरमेनं पाय जड होतील. झालं उलटंच. पाठीचा कणा सरळ झाला, मान आपोआप वर गेली, कुठून कोण जाणे जवसाच्या तेलाचा वास आल्यासारखा वाटला. ऑलिंपिकपटू असं फलकावर लिहिलेलं होतं ते या क्षणी तिला पहिल्यांदा पुरतं खरं वाटलं.

नंदिनी मात्र तिथंच उभी होती, जिथं पाऊल टाकलं होतं तिथंच. "मंग मी पुढं आले ते चुकलं, मॅडम? ती मोकली झाली ती माझ्यामुलं?" क्रांती तिच्यासमोर गेली. तिला पोरीच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण पंचानं मैदानावर तसं करायचं नसतं. "नियमात ते आता बसत नाही, नंदिनी. हे मी तुला मॅचच्या आधी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. पण तू..." तिनं नंदिनीच्या पायांकडे बघितलं. "तू जागेवर होतीस. बरोब्बर जागेवर." पोरीनं नाक वर ओढलं, बाहीला डोळे पुसले. "आता काय करायचं मंग?" "शिट्टीची वाट बघायची नाही," क्रांती म्हणाली आणि लगेच थांबली. पंचानं हेही बोलायचं नसतं. तिनं मान फिरवली, वैदेहीलाही ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "दोघींनाही सांगते, शिट्टीची वाट बघायची नाही," आणि मग चेंडू ठेवून बुली दिली. चेंडूवर दोन स्टिका एकमेकींना टेकल्या, सुटल्या, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

ट्रॉफी अखेर वाशीच्या शाळेनं नेली, पेनल्टी स्ट्रोकवर. दुपारी घरी जोतीरामनं विचारलं तेव्हा क्रांतीला ते क्षणभर आठवावं लागलं. तिला आठवत होतं ते शेवटच्या मिनिटातलं. मध्यातून चेंडू पुन्हा निघायच्या बेतात होता. वैदेही पुन्हा नंदिनीच्या पाठीमागं. तेच मैदान, तेच ऊन. मारणारीचा डावा खांदा खाली आला आणि क्रांतीच्या छातीत श्वास भरला. शिट्टी दातांत होती. नंदिनीनं तिच्याकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही. ती एक पाऊल पुढं सरकली, तेच पाऊल, पण या वेळी तिची स्टिक पावलाच्या आधी जमिनीला आडवी टेकलेली होती, आणि वैदेहीकडे निघालेला चेंडू वाटेतच त्या स्टिकवर येऊन चिकटला. टक्. बाजूला बसलेल्यांना त्यात विशेष काही दिसलं नसणार. एका मुलीनं चेंडू अडवला, एवढंच. नंदिनीनं मान वर केली आणि चेंडू लांब उजवीकडे मारून दिला.

शिट्टी वाजली नाही. क्रांतीनं ती दातांत धरलेली होती आणि डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं. तिनं खाली बघितलं. पंचानं रेषेच्या बाहेर उभं राहायचं असतं. नंदिनीच्या पावलाबरोबर तिचा उजवा बूट फक्कीची रेघ ओलांडून एक पाऊल आत आला होता, पांढरा झाला होता. सुभाष पलीकडून बघत होता. तिनं पाय मागं घेतला नाही.